कांडीचा हिशेब किरकोळ खात्यात नको

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत इचलकरंजीतील साधे माग भंगारात निघून त्यांच्या जागी शटललेस, म्हणजे बिनधोट्याचे, माग कसे येत आहेत, याविषयीचा सचित्र लेख वाचला. लेख कष्टाने लिहिलेला आहे, कर्ज, वीजदर आणि सुताच्या भावातील चढउतार यांचे त्यातले विवेचन बिनचूक आहे, आणि मागधारकांच्या दोन पिढ्यांशी बोलून तो सिद्ध केल्याचे जाणवते. मात्र ‘विणकर कांडीवर सूत कातून ती मागाला लावतो’ हे त्यातील वाक्य आले तेव्हा मी चष्मा काढून पुसला आणि ते पुन्हा वाचले. सात शब्दांत तीन चुका आहेत. कांडी म्हणजे कापडाचे आडवे सूत जिच्यावर गुंडाळतात ती लहान नळी. कांडीवर सूत कातले जात नाही, ते भरले जाते. ती विणकर भरत नाही, कांडीवाली किंवा कांडीवाला भरतो. आणि ती मागाला लागत नाही, धोट्यात, म्हणजे आडवे सूत घेऊन मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या पोकळ ठोकळ्यात, बसते. मी १९८४ पासून २०१६ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, एका यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी होतो, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो. लेखकाला दोष देण्याचा हेतू नाही. ज्या कामाची नोंद आम्ही धंद्यातल्या माणसांनीच धड ठेवली नाही, त्याविषयी बाहेरच्याने अचूक लिहावे, ही अपेक्षा मी कोणत्या तोंडाने करणार? तरीही माग जात असताना त्याच्याबरोबर काय काय जात आहे याचा हिशेब मांडायचा असेल, तर त्यात कांडीचे पान असायला हवे, एवढ्यासाठी हे पत्र.

सूत कातण्याचे काम गिरणीत होते. तेथे रिंगफ्रेमच्या लहान बॉबिनवर आलेले सूत पुन्हा उलगडून, त्यातील गाठी आणि जाडेभरडे तुकडे काढून, कागदी कोनावर गुंडाळतात, आणि हे कोन पोत्यांत भरून आमच्या गावी येतात. येथून सुताच्या दोन वाटा होतात. उभे सूत वार्पिंगला जाते, तेथून सायझिंगला, तेथे खळ पिऊन बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, चढते, मग वहिफणीवाला एकेक तार वहीतून (तारा वरखाली करणाऱ्या चौकटीतून) आणि फणीतून ओढतो आणि बीम मागावर बसतो. या प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र कारखाना किंवा स्वतंत्र कारागीर आहे, ठरलेला दर आहे, आणि बिघाड झाला तर जाब विचारायला माणूस आहे. आडव्या सुताची वाट अगदी आखूड आहे. कोन पोत्यातून निघतो, कारखान्याच्या कोपऱ्यात, बहुधा दाराजवळ किंवा जिन्याखाली ठेवलेल्या कांडी मशीनवर जातो, तेथे त्याच्या कांड्या होतात, आणि त्या खोक्यात भरून मागांकडे नेतात. वाट आखूड असल्यामुळेच तिच्याकडे कुणाचे लक्ष गेले नसावे. कापडात उभे सूत जेवढे महत्त्वाचे तेवढेच आडवे, हे शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही, पण उभ्या सुतासाठी गावात सायझिंगच्या चिमण्या उभ्या राहिल्या आणि आडव्यासाठी एक मशीन, एक स्टूल आणि एक मावशी.

कांडी हा शब्द आपण उसाच्या दोन पेरांमधल्या तुकड्यालाही वापरतो, आणि ते साम्य उगाच नाही. हातमागावर पूर्वी बांबूच्या किंवा बोरूच्या पोकळ तुकड्यावरच सूत गुंडाळत असत. यंत्रमागाची कांडी लाकडाची आली, पुढे प्लास्टिकचीही आली, पण आकार तोच राहिला, वीतभर लांबीचा, बुडाशी जाड आणि शेंड्याकडे निमुळता. शिवणयंत्राची बॉबिन आणि ही कांडी एकच, असा समज लेखातील छायाचित्राच्या ओळीतही डोकावतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. पतंगाच्या मांज्याची फिरकी, जिला नाशिक-येवल्याकडे आसारी म्हणतात, ती स्वतः फिरते तेव्हा मांजा सुटतो. बॉबिनचेही तसेच. धोट्यातली कांडी फिरत नाही. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो, कांडी त्याच्या पोटात घट्ट बसलेली असते, आणि सूत तिच्या शेंड्यावरून घसरत बाहेर येते. फिरणारी कांडी असती तर धोटा मागाच्या टोकाच्या पेटीत आदळून थांबल्यावरही ती गरगरत राहिली असती आणि क्षणात सुताचा गुंता झाला असता. सूत शेंड्यावरून विनाअडथळा सुटावे म्हणून ते कांडीवर रिळासारखे सपाट थरांत भरून चालत नाही. आधी बुडाशी एक शंकू तयार होतो आणि मग प्रत्येक थर त्या शंकूच्या उतारावर बसत बसत शेंड्याकडे सरकतो. हा उतार आणि सुताला दिलेला ताण या दोन गोष्टी जमल्या की कांडी जमली.

आता थोडा दिवाणजीचा हिशेब मांडतो, कारण आकड्यांशिवाय हे काम केवढे आहे ते डोळ्यांसमोर येणार नाही. ४० काउंटचे सूत म्हणजे ज्याच्या ८४० वारांच्या ४० लडी एका पौंडात बसतात ते सूत. त्याच्या एका ग्रॅमला सुमारे ६७.७ मीटर लांबी भरते. एका कांडीवर असे २० ग्रॅम सूत धरले तर ते साडेतेराशे मीटरच्या आसपास जाते. कापडाचा पन्हा ४८ इंच असेल, तर काठाचे वळण आणि सुताची नागमोड धरून एका पिकाला, म्हणजे धोट्याच्या एका फेकीला, सुमारे १.३ मीटर सूत लागते. म्हणजे एका कांडीत एक हजार चाळीस पिक निघतात. साधा माग मिनिटाला १२० पिक टाकत असेल, तर ही कांडी पावणेनऊ मिनिटांत रिकामी होते. चार माग सांभाळणाऱ्या विणकराला, एकही तार तुटली नाही असे गृहीत धरले तरी, दर सव्वादोन मिनिटांनी कुठल्या ना कुठल्या मागावर कांडी बदलावी लागते. चोवीस मागांच्या कारखान्याला आठ तासांच्या पाळीत, मागांचे थांबणे-बिघडणे वजा करून, हजाराच्या घरात कांड्या लागतात. ही हजार कांडी एका कोपऱ्यात भरली जाते, म्हणजे सरासरी अर्ध्या मिनिटाला एक. चाती, म्हणजे कांडी फिरवणारा मशीनचा दांडा, थांबली की भरलेली कांडी काढायची, रिकामी चढवायची, सुताचे टोक बुडाशी दोन वेढे देऊन अडकवायचे, चाती सुरू करायची, तोवर शेजारची थांबलेली असते. इचलकरंजीत मजुरीची भाषा ५२ पिकाची आहे. इंचाला ५२ पिक असलेल्या कापडाच्या मीटरमागे अमुक पैसे, असा दर ठरतो. वरच्या हिशेबाने ५२ पिकाच्या एका मीटर कापडात दोन कांड्या रिकाम्या होतात. पाच मीटरच्या धोतरात दहा. पिक वाढले की विणकराचा दर वाढतो हे रास्तच आहे, पण पिकाबरोबर कांड्याही वाढतात, हे मी बोलणीच्या कोणत्याही बैठकीत कुणी म्हटलेले ऐकले नाही.

कांडी सैल भरली गेली तर धोटा पेटीत आदळताच तिचे चारदोन थर एकदम ढासळतात आणि सुताचा पुंजका कापडात विणला जातो. फार आवळून भरली तर सूत तुटत राहते, आणि न तुटले तरी काठ आत ओढला जाऊन पन्हा कमी भरतो. एका चातीवरचा ताण आणि शेजारच्या चातीवरचा ताण यांत फरक पडला, तर कापड कोरे असताना काही दिसत नाही, रंगवून आले की आडवे पट्टे उमटतात. आमच्या कारखान्यात कांडीवर असलेल्या मावशी (सगळे त्यांना मावशीच म्हणत) भरलेली प्रत्येक कांडी खोक्यात टाकण्यापूर्वी तिच्या खांद्यावर अंगठा दाबत. ते इतके सवयीने होत असे की पाहणाऱ्याला त्या कांडी फक्त ठेवत आहेत असे वाटावे. अंगठा रुतला की ती कांडी बाजूला जाई आणि त्या चातीच्या ताणाच्या चकत्यांमध्ये साचलेली तूस त्या फुंकून काढत.

रिकाम्या कांड्यांकडेही त्यांचे तेवढेच लक्ष असे. मागावरून परत आलेल्या कांडीच्या बुडाशी थोडे सूत उरलेले असते, कारण ती पुरती संपण्याआधीच बदलणे विणकराला सोयीचे जाते. घाईत असलेला मुलगा हे उरलेले सूत ब्लेडने कापून काढतो, आणि ब्लेडची रेघ लाकडावर राहते. पुढच्या वेळी भरताना किंवा धोट्यात सुटताना सूत नेमके त्या रेघेत अडकते आणि तुटते, आणि विणकर सुताला शिव्या देतो. मावशींनी ब्लेड वापरू दिले नाही. त्या सूत हाताने उलगडून काढत आणि कांडीवरून बोट फिरवून पाहत. जिथे बोटाला टोचले ती कांडी खिडकीतल्या डब्यात, आणि फावल्या वेळात काचेच्या कागदाने घासून पुन्हा खोक्यात. काचेच्या कागदाचा खर्च मी वर्षातून दोनदा लिहीत असे, पण तो कशासाठी लागतो हे मला पहिली चार वर्षे ठाऊक नव्हते.

यापुढचा प्रसंग माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे आणि तो लिहायला मला कमीपणा वाटत नाही. नोकरीची सहा-सात वर्षे झाली असतील. आमच्याकडून गेलेला एक लॉट रंगवून झाल्यावर व्यापाऱ्याने परत पाठवला. निळ्या कापडावर फिकट-गडद असे आडवे पट्टे होते. माग कोणता ते तुकड्यावरच्या खुणेवरून कळले, मालकांनी त्या मागावरच्या विणकराला बोलावले आणि त्याच्या आठवड्याच्या पगारातून कपात करायला मला सांगितले. मी केली. दुपारी मावशी घडीच्या टेबलापाशी आल्या, त्यांनी घडीवाल्याकडून टेप मागून घेतली आणि पट्ट्यावर लावली. वीस इंच. पुढचा पट्टा वीस इंच, त्याच्या पुढचा चाळीस, मग पुन्हा वीस. विणकराच्या हातून, माग थांबवून चालू करताना, जी खूण पडते ती बोटभर रुंदीची असते. वीस इंच हे एका कांडीचे माप आहे, आणि चाळीस म्हणजे एकासारख्या दोन कांड्या पाठोपाठ लागल्या. मग त्यांनी आपल्या स्टुलाखालून दोन रिकामे कागदी कोन काढून टेबलावर ठेवले. एकाच्या शेंड्याचा रंग हिरवा होता, दुसऱ्याचा तांबडा. काउंट तोच, पण लॉट वेगळा. त्यांनी मला एवढेच विचारले, “दिवाणजी, पोती कुणी सोडली होती वो?”

गोदामाची किल्ली माझ्याकडे असे. आधीच्या लॉटचे अर्धे पोते उरले होते, ते संपवून टाकावे म्हणून मी त्याचे कोन नव्या पोत्याबरोबर दिले होते. कांडी मशीनच्या निम्म्या चात्यांवर एक लॉट आणि निम्म्यांवर दुसरा चढला, कांड्या एकाच खोक्यात मिसळल्या, आणि दोन्ही सुतांनी रंग वेगवेगळा घेतला. कोऱ्या कापडावर ते ओळखणे विणकराला शक्य नव्हते. मालकांना मी त्याच दिवशी खरे सांगितले आणि कपात पुढच्या आठवड्यात परत झाली. व्यापाऱ्याने कापलेले पैसे अर्थातच आले नाहीत. विणकराकडे मात्र मी स्वतः होऊन चूक कबूल करायला जवळजवळ वर्ष घेतले. त्या दिवसानंतर एका लॉटचे शेवटचे पोते संपल्याशिवाय दुसऱ्याचे तोंड सोडायचे नाही, असा नियम गोदामाच्या दारावर खडूने लिहिला गेला. तो सुचवला कांडीवालीने आणि वहीत नोंद झाली ती दिवाणजीच्या नावाने.

वहीचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. आमच्या खतावणीत मजुरीच्या खात्यावर विणकर आणि जॉबर (माग दुरुस्त करणारा) यांची नावे असत. वहिफणीचे बिल वेगळे लागे, सायझिंगचे वेगळे. कांडीचा खर्च ‘किरकोळ’ या खात्यावर पडे, तेल, झाडू, बल्ब, चहा आणि सुतळी यांच्या शेजारी. ही पद्धत माझ्या आधीच्या दिवाणजींनी घातली होती आणि मी ती पुढे चालवली, कारण बेरीज तीच येत होती. मावशी एकोणीस वर्षे आमच्याकडे होत्या. काम सोडल्यावर त्यांना एका कार्यालयात नोकरीचा पुरावा द्यायचा होता. मी सहीशिक्क्याचे पत्र लिहून दिले, पण तेथे हजेरीपुस्तकाचा उतारा मागितला गेला, आणि हजेरीपुस्तकात त्यांचे नाव कधी चढलेच नव्हते. किरकोळ खात्यावर माणसाचे नाव लिहीत नाहीत, फक्त रक्कम लिहितात. त्या कार्यालयाचा यात काही दोष आहे असे मी म्हणणार नाही, त्यांनी नियमाने मागितले. नसलेला कागद आमच्या टेबलावर तयार व्हायला हवा होता.

हे केवळ एका कारखान्याचे किंवा एका गावाचे दुर्लक्ष नसावे, असे वाटण्याइतपत वाचन मी निवृत्तीनंतर केले आहे. विणकामाच्या यंत्रांचा इतिहास सांगताना इंग्लंडमधील जॉन के यांच्या १७३३ सालच्या उडत्या धोट्यापासून सुरुवात करतात. त्या धोट्याने विणकराचा वेग वाढला आणि सुताचा तुटवडा पडला, म्हणून कातण्याची यंत्रे निघाली, असा तो क्रम असतो. वेग वाढल्यावर धोट्यातले सूतही पूर्वीपेक्षा लवकर संपू लागले असणार आणि ते भरून देण्यासाठी कुणाचे तरी हात दुप्पट चालले असणार, हे त्या गोष्टीत कुठे येत नाही. पुढे १८९० च्या दशकात अमेरिकेत नॉर्थ्रॉप यांचा माग आला, तो रिकामी कांडी आपोआप बाहेर टाकून भरलेली आत ढकलतो. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ साली माग न थांबवता अख्खा धोटाच बदलणारा माग पूर्ण केला. या स्वयंचलित मागांनी विणकराचे काम हलके केले आणि कांडीचे अवघड केले. कांडी संपत आली हे यंत्राने चाचपून ओळखायचे असल्यामुळे तिच्या बुडाशी आधी काही राखीव वेढे मोजून घालावे लागू लागले, म्हणजे इशारा मिळाल्यानंतरही सुरू असलेले पिक पुरे होईल. कांडीवर एक बारीक जबाबदारी वाढली, एवढाच त्याचा अर्थ.

जाता जाता एक वेगळी गोष्ट. कांडी बदलताना सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावे लागते, आणि झटपट काम व्हावे म्हणून विणकर छिद्राला तोंड लावून ते श्वासाने ओढत. एकाच धोट्याला दोन पाळ्यांची दोन तोंडे लागत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने ही पद्धत १९११ साली कायद्याने बंद केली, लँकेशायरमध्ये १९५२ साली बंदी आली, तरी ती त्यानंतरही चालत राहिली. आमच्याकडे मी ती माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत डोळ्यांनी पाहिली आहे. कांडी मशीनवरच्या तुशीने येणाऱ्या खोकल्याविषयी लिहायचे तर वेगळे पत्र लागेल.

हातमागाची स्थिती या बाबतीत थोडी बरी म्हणायची, कारण तेथे निदान मोजणी झाली आहे. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशात ३५ लाख २२ हजार हातमाग कामगार मोजले गेले. त्यांपैकी पावणेसत्तावीस लाखांच्या आसपास विणकर आणि सुमारे साडेआठ लाख कांडी भरणे, ताणा लावणे अशी पूरक कामे करणारे. एकूण कामगारांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. ‘पूरक’ या शब्दावर माझा आक्षेप आहे, पण किमान त्या साडेआठ लाखांचा आकडा कागदावर आहे. येवल्याला पैठणी विणणाऱ्या घरात गेलात तर रहाटावर कांड्या भरणारी घरातली सासू किंवा सून दिसेल, आणि पदरावर एकाच ओळीत वेगवेगळ्या रंगांच्या लहान कांड्या लोंबताना दिसतील. त्यांतली एखादी सैल भरली असेल तर मोराच्या पिसाऱ्याची कड तेवढ्या जागी ढिली पडते. पैठणीचे कौतुक करणारे विणकराच्या बोटांचे कौतुक करतात. ते योग्यच आहे, पण रहाट त्या चौकटीच्या बाहेर राहतो.

शटललेस मागांना माझा विरोध नाही, हेही स्पष्ट करतो. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तेव्हा हातमागाच्या कौतुकात अडकून कुणी तो परत पाठवला असता, तर हे गाव आज वस्त्रनगरी झाले नसते. १९९९ साली सुरू झालेल्या तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेनंतर रेपियर आणि एअरजेट माग गावात येत गेले. त्यांच्यावर आडवे सूत थेट कोनावरून घेतले जाते, कांडी नाही, धोटा नाही, दर पावणेनऊ मिनिटांनी थांबणे नाही. कापडही अधिक एकसारखे निघते. फरक पाहायचा असेल तर काठ पाहावा. साध्या मागावर धोटा परत फिरतो आणि सूत काठाशी वळून पुन्हा आत येते, म्हणून काठ बंद असतो. नव्या मागावर प्रत्येक पिक कापले जाते आणि काठाला दशा राहतात, त्या वेगळ्या दोऱ्यांनी बांधाव्या किंवा आत दुमडाव्या लागतात. परदेशात जुन्या धोट्याच्या मागावर विणलेल्या बंद काठाच्या डेनिमला जादा किंमत देणारे शौकीन आहेत, असे माझा पुण्यात राहणारा भाचा सांगतो. आमच्या मावशींना हे सांगितले असते तर त्या हसल्या असत्या.

माझा मुद्दा मोजणीचा आहे. चोवीस साधे माग निघून त्यांच्या जागी सहा किंवा आठ रेपियर बसतात, तेव्हा किती विणकरांचे काम गेले आणि त्यांना नव्या मागाचे प्रशिक्षण मिळाले की नाही, हे आपल्यासारखी वृत्तपत्रे विचारतात आणि ते विचारायलाच हवे. त्याच दिवशी कांडी मशीनही भंगारवाल्याच्या टेम्पोत चढते आणि त्याच्यामागच्या स्टुलावरची बाई घरी जाते. विणकर नव्या मागावर निदान उमेदवार तरी असतो. कांडीवालीचे कामच नव्या मागात नाही, त्यामुळे तिला कशाचे प्रशिक्षण द्यावे हा प्रश्न कुणाला पडत नाही. सूत पारखणे, लॉट ओळखणे, पट्ट्याच्या मापावरून दोष कुठे आहे ते सांगणे ही कामे नव्या कारखान्यातही आहेत, त्यांना आता तपासनीस किंवा गुणवत्ता नियंत्रण असे भारदस्त नाव आहे आणि त्या जागेवर पदविकाधारक मुले बसतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे. एकोणीस वर्षे अंगठा दाबून सूत ओळखणाऱ्या बाईला त्या टेबलापाशी एखादी खुर्ची मिळू शकते, ही कल्पना मात्र कोणत्याही मालकाला सुचलेली मी पाहिली नाही, आणि खरे सांगायचे तर नोकरीत असताना मलाही सुचली नव्हती.

म्हणून आपणांस विनंती अशी की, लेखातील त्या वाक्याची दुरुस्ती छापावीच, पण तेवढ्यावर हा विषय मिटवू नये. मालिकेच्या पुढच्या भागात आपल्या प्रतिनिधीने कांडी मशीनपाशी अर्धा दिवस बसावे. गावात अजून पुष्कळ खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने विणणारे, साध्या मागांवर विणतात, त्यामुळे बसायला जागा मिळेल. मागांची जी सर्वेक्षणे होतात त्यांच्या अर्जांत जॉबर, विणकर आणि वहिफणीवाला यांच्याप्रमाणे कांडीवाल्यांसाठी नावानिशी स्वतंत्र रकाना असावा, यासाठी आपल्या दैनिकाने संबंधितांकडे पाठपुरावा करावा. वस्त्रोद्योग शिकवणाऱ्या आपल्या भागातील संस्थांनी एखादे चालू कांडी मशीन आणि एक साधा माग प्रयोगशाळेत चालता ठेवावा, आणि तो चालवून दाखवायला आयुष्यभर हे काम केलेल्या बाईला मानधन देऊन बोलवावे. रंग देऊन चौकात उभा केलेला माग शोभेला ठीक आहे, पण त्यावर सैल कांडी ढासळताना पाहता येत नाही.

१९८४ पासूनच्या आमच्या कारखान्याच्या खतावण्या मालकांच्या परवानगीने माझ्या घरी माळ्यावर ठेवलेल्या आहेत. आपल्या प्रतिनिधीला किंवा या विषयाचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही त्या पाहायच्या असतील तर मी त्या खाली काढून ठेवीन. किरकोळ खात्याची पाने मी खुणेच्या चिठ्ठ्या घालून ठेवली आहेत. त्यांत कांडीची रक्कम दर आठवड्याला सापडेल, आणि ज्या थोड्या आठवड्यांत ती सापडत नाही त्या आठवड्यांत मावशी आजारी होत्या आणि माग सूत नसल्यामुळे बंद होते, असे तेल आणि बल्बच्या आकड्यांवरून ताडता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त दिवाणजी
इचलकरंजी, जि. कोल्हापूर